मास्टर सिलेंडरची निवड (जुन्या गाडीला डिस्क ब्रेक बसवताना)

जुन्या गाडीचे ड्रम काढून पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवली की त्या डिस्कला पुरेल असा मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडं ढकलणारा) निवडणं, ह्या कामाबद्दलची ही नोंद. मराठवाड्यात हा बदल जास्त करून जुन्या जीप, अँबेसेडर आणि पद्मिनीवर केला जातो. मिस्त्री लोक हब, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), पाइप सगळं नीट जमवतात, लेथवाल्याकडून ब्रॅकेट करून आणतात, आणि सिलेंडर मात्र बोल्टची भोकं जुळायलीत म्हणून जो हाताला लागंल तो घेतात. भोकं जुळणं ही शेवटची अट आहे, पहिली नाही, एवढं जरी लक्षात ठेवलं तरी निम्म्या गाड्यांचे ब्रेक सुधारतील.

ड्रममध्ये एक शू फिरणाऱ्या ड्रमसोबत ओढला जातो आणि आपोआप आवळत जातो, म्हणून कमी प्रेशरवर पण गाडी थांबते. डिस्कला ही फुकटची मदत नसते, पॅड सरळ दाबला जातो, म्हणून प्रेशर जास्त लागतं. शिवाय कॅलिपरचा पिस्टन ड्रमच्या व्हील सिलेंडरच्या (शू ढकलणाऱ्या छोट्या सिलेंडरच्या) मानाने लई मोठा, त्यामुळं ऑइलपण जास्त लागतं. आणि अडचण इथंच आहे, कारण प्रेशर पाहिजे तर मास्टर सिलेंडरचा बोअर (आतला व्यास) लहान लागतो आणि ऑइल पाहिजे तर मोठा.

हिशोब करून बघू. पायाचा जोर ३० किलो आणि पेडलचं गुणोत्तर (पिनपासून पावलापर्यंतचं अंतर भागिले पिनपासून पुशरॉडपर्यंतचं) ६ धरलं तर पुशरॉडवर, म्हणजे पेडलचा जोर सिलेंडरच्या पिस्टनला देणाऱ्या दांड्यावर, १८० किलो येतात. पाऊण इंची बोअरचं क्षेत्रफळ २.८५ चौ.सेंमी, म्हणजे प्रेशर साधारण ६३ किलो प्रति चौ.सेंमी, सात अष्टमांश इंचीला ४६ आणि एक इंचीला फक्त ३५. पाय तोच, पेडल तेच, तरी प्रेशर जवळपास निम्म्यावर. आता दुसरी बाजू. ४८ एमएमचा एक-एक पिस्टन असलेले दोन कॅलिपर आणि पिस्टन अर्धा एमएम सरकायचा असंल तर १.८ सीसी ऑइल लागतं, त्यासाठी पाऊण इंची सिलेंडरच्या पिस्टनला साधारण ६.३ एमएम आत जावं लागतं आणि पायाखाली पेडल ३८ एमएम खाली जातं, एक इंचीला २१. मागच्या ड्रमचं जाणं त्यात वेगळं मिळवायचं. म्हणून आधी कॅलिपरचे पिस्टन व्हर्निअरनं मोजा, पेडलच्या पिनपासून दोन्ही अंतरं मोजा, मग दुकानात जा.

बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर पायाचा दाब वाढवणारा डबा) नसंल तर पेडलचं गुणोत्तर ६ च्या आसपास आणि बोअर लहान ठेवावा. बूस्टर असंल तर ४ च्या आसपास चालतं आणि बोअर मोठा घेता येतो. पण बूस्टरला व्हॅक्यूम लागतो, पेट्रोल इंजिनला तो मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपातून) मिळतो, डिझेलला मिळत नाही, तिथं वेगळा व्हॅक्यूम पंप पाहिजे, बऱ्याच डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागंच असतो. आपल्याकडं जीपला डिझेल इंजिन टाकायची जुनी सवय, त्यामुळं बूस्टर घ्यायच्या आधी पंप आहे का ते बघावं.

ड्रमच्या जुन्या सिलेंडरच्या तोंडाशी एक चेक व्हॉल्व्ह असतो, तो पाइपात साधारण १० पीएसआय प्रेशर अडवून ठेवतो, ड्रमला ते लागतं पण डिस्कला ते घातक आहे. आमच्या काकांच्या जीपला डिस्क बसवली तेव्हा मिस्त्रीनं तोच जुना सिलेंडर ठेवला. कन्नडहून चाळीसगावकडं औट्रम घाट उतरायलो तर अर्ध्यातच जळका वास, पुढची दोन्ही चाकं जाम, हब एवढा तापला की पाणी टाकलं तर चर्र वाजलं. कॅलिपरचा एअर काढायचा निप्पल ढिला केला, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. त्या दिवसापासून मी पहिलं हेच विचारतो, व्हॉल्व्ह काढला का? फक्त जुन्या जीपसारखा सिलेंडर गाडीच्या फरशीखाली, कॅलिपरच्या पातळीच्या खाली असंल तर ऑइल मागं येतं, तिथं पुढच्या लाइनला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लावतात. मागच्या ड्रमच्या लाइनला मात्र १० चाच राहू द्यावा.

सिंगल सिलेंडरवर, म्हणजे चारही चाकांना एकच सर्किट असलेल्यावर, डिस्क बसवणं मला मुळीच पटत नाही. एक होज (रबरी पाइप) फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. टँडम, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेत टीएमसी, ह्यात पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं असतं. डिस्क-ड्रमसाठी केलेल्या टीएमसीत डिस्कच्या बाजूची टाकी बहुतेक मोठी असते, कारण पॅड झिजले की तेवढं ऑइल कॅलिपरमध्ये जाऊन बसतं. मागची चाकं पुढच्या आधी जाम व्हायला लागली तर मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचं प्रेशर कमी ठेवणारा) टाकावा लागतो. पाइपांचे आटेपण बघावेत, जुन्यांना इंची आणि नव्यांना एमएम, जबरदस्तीनं आवळलेला नट पहिल्या दिवशी गळत नाही, नंतर गळतो.

पुशरॉडला एक-दोन एमएम प्ले (पिस्टनला टेकायच्या आधीची मोकळी जागा) ठेवायचाच. तो नसला तर टाकीकडं जायचं बारीक भोक बंद राहतं, ऑइल तापून फुगतं आणि ब्रेक आपोआप लागतात, आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. चाक जाम असताना सिलेंडरचे दोन नट ढिले करून बघा, चाक सुटलं तर दोष प्लेचा. बूस्टरवाल्या सिलेंडरच्या पिस्टनचा, पुशरॉड बसतो तो, खड्डा उथळ असतो, तो बूस्टरशिवाय लावला तर रॉड निसटू शकतो, तिथं खोल खड्ड्याचाच घ्यावा.

ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, घाटात चालणाऱ्या गाडीला डॉट ४ च, कारण ताज्या डॉट ३ चा उत्कलनांक किमान २०५ अंश आणि डॉट ४ चा २३०. इंजिन ऑइलचा थेंबसुद्धा नको, रबर फुगून सिलेंडरचं कीट (आतले रबरी सील) खराब होतं. नवा सिलेंडर गाडीला लावायच्या आधी व्हाइसमध्ये धरून, दोन्ही तोंडांना नळ्या लावून त्या टाकीत बुडवायच्या आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन हळूहळू दाबत एअर काढायची. गाडीवर मग एअर काढताना सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात.