पापलेटचे १३५ मिलिमीटर आले कुठून?

नागपूरच्या मासळी बाजारात बर्फाच्या खोक्यातून तळहातापेक्षा लहान पापलेट निघते आणि विकलेही जाते. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या सागरी माशांसाठी किमान आकार ठरवला. सिल्व्हर पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. ही मर्यादा ज्या शास्त्रातून आली, ते समुद्रापासून इतक्या लांब असलेल्या नागपुरातही शिकवले जाते. राज्याच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय इथेच आहे.

विदर्भातल्या ढिवर-भोई मच्छीमारांच्या संस्थेला तलावाचा हिशेब ठाऊक असतो: पावसाळ्यात किती बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली, किती जगली, किती किलो निघाले. समुद्रात बीज सहसा कुणी सोडत नाही आणि किती मेले तेही दिसत नाही. दोन्ही आकडे किनाऱ्यावर आलेल्या माशांवरूनच काढावे लागतात. साठ्याचा, म्हणजे समुद्रात एका जातीचे किती मासे आहेत याचा, अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाचे अख्खे आयुष्य या एका अडचणीशी झुंजण्यात जाते.

१८८३ मध्ये लंडनच्या मत्स्य प्रदर्शनात जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सले यांनी मोठ्या सागरी मासेमारीचे साठे बहुधा न संपणारे आहेत, असे सांगितले होते. १९३१ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ ई. एस. रसेल यांनी साधा ताळेबंद मांडला: साठ्यात नव्या पिल्लांची भरती आणि वाढ जमा, पकड आणि नैसर्गिक मर वजा. पुरावा मात्र युद्धांनी दिला. दोन्ही महायुद्धांत उत्तर समुद्रातली मासेमारी खूप घटली आणि नंतर बोटी परतल्या तेव्हा प्लेस हा चपटा मासा भरपूर आणि मोठा मिळू लागला. इंग्लंडमधल्या लोस्टॉफ्टच्या प्रयोगशाळेत रे बेव्हर्टन आणि सिडनी होल्ट यांनी यावर गणित उभे केले आणि १९५७ मध्ये ते ग्रंथरूपात आले. मासेमारीमुळे होणारी मर आणि नैसर्गिक मर यांची फोड करून, किती वयाला पकडले तर एका पिल्लामागे जास्तीत जास्त वजन हाती येते, हे त्यात काढता येते.

पण ही पद्धत वयावर उभी आहे. थंड समुद्रातल्या माशाच्या कानातल्या खड्यावर झाडासारखी वार्षिक वलये उमटतात. आपल्या उबदार पाण्यात ती पुसट असतात, म्हणून इथे लांबीवरून वय काढावे लागते. दर महिन्याला शेकडो मासे मोजायचे, एकेक सेंटिमीटरचे गट पाडायचे आणि गर्दीचा उंचवटा महिन्यागणिक किती पुढे सरकला ते पाहायचे. हे काम सुकर करण्यात मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांचा वाटा मोठा आहे. १९८० मध्ये त्यांनी १७५ साठ्यांच्या आकड्यांवरून सूत्र दिले. माशाची कमाल लांबी, वाढीचा वेग आणि पाण्याचे तापमान घातले की नैसर्गिक मर अंदाजता येते. समजा एकूण मरीचा दर वर्षाला २.० आला (ही टक्केवारी नव्हे; मर क्षणोक्षणी चालू असते, तिचा हा दर), म्हणजे शंभरातले जेमतेम १३-१४ वर्षभरात उरतात. त्यात नैसर्गिक मर ०.८ असेल तर मासेमारीचा वाटा १.२, म्हणजे ६० टक्के. साधारण ५० टक्क्यांच्या वर गेले की ताण जास्त, असे ढोबळ मानतात.

भारतात हे काम केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेकडे आहे. ती ३ फेब्रुवारी १९४७ ला सुरू झाली. तिचा खरा कणा बंदरावरची मोजणी आहे. निवडलेल्या बंदरावर गणनाकार पहिल्या दिवशी दुपारी १२ ते ६ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते १२ उभा असतो. मधल्या रात्रीची आवक विचारून घेतो. १५ पर्यंत बोटी आल्या तर सगळ्या नोंदायच्या, २० ते २९ असतील तर दोनातली एक, ५० च्या वर गेल्या तर पाचातली एक.

चुका इथेच शिरतात. मोठे पापलेट वेगळ्या खोक्यात आधीच लिलावाला जाते. उरलेल्या ढिगातले मासे मोजले तर कमाल लांबी ठेंगणी येते, वाढीचा वेग फुगतो आणि पुढची सगळी गणिते वाकडी होतात. एकाने शेपटीच्या टोकापर्यंत आणि दुसऱ्याने खाचेपर्यंत मोजले तरी तेच. नागपूरच्या बाजारातला नमुना तर साठ्याच्या अभ्यासाला चालतच नाही. तो निवडलेला असतो, अनेक बंदरांचा मिसळलेला असतो आणि कुठल्या जाळ्यातला ते कळत नाही.

किमान आकारासाठी महत्त्वाची लांबी म्हणजे निम्मे मासे अंड्यावर येण्याइतके पक्व होतात ती. त्यासाठी पोट फाडून अंडाशय पाहावे लागते. विणीचा हंगाम सरल्यावर रिकामे अंडाशय कोवळ्यासारखेच दिसते. तेव्हा नमुने घेतले तर ही लांबी खरीपेक्षा जास्त येते.

नियम चांगला आहे, पण जाळ्याला तो कळत नाही. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या जाळ्याच्या, शेवटच्या पिशवीतले शंकरपाळ्याच्या आकाराचे आस (जाळ्याची भोके) ओढ बसली की मिटतात आणि पिल्लू आत अडकते. चौरस आस उघडे राहतात. डोलीच्या, म्हणजे प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याच्या, खोल्यात (शेवटच्या टोकात) तर भरतीच्या जोराने सगळेच जाऊन बसते. पट्टी लावण्याच्या वेळी ते १२० मिलिमीटरचे पापलेट मेलेले असते.