हॉर्नेट, स्विफ्ट, बावीस-अडीचशे: व्हार्मिंट रायफलींची पार्श्वभूमी

अमेरिकेत आज कुणी पहिली व्हार्मिंट रायफल, म्हणजे शेतात उपद्रव करणाऱ्या प्राण्यांसाठीची रायफल, घ्यायला निघाला की दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे एकच सांगतात, .२२३ घे (हा आकडा म्हणजे गोळीच्या जाडीचं साधारण इंचातलं माप) आणि मोकळा हो. सल्ला चुकीचा नाहीये, काडतुसं त्यातल्या त्यात स्वस्त, कुठेही मिळतात, खांद्याला धक्का नाममात्र. पण मग त्याच कॅलिबरच्या आसपास इतकी नावं कशाला, हॉर्नेट काय, स्विफ्ट काय, .२२-२५० काय? यातलं जवळपास प्रत्येक काडतूस आधी कुणातरी हौशी माणसाने गॅरेजमध्ये बनवलं किंवा त्याची कल्पना काढली, आणि कंपन्या मागाहून आल्या, कधी दोन वर्षांनी तर कधी पंचवीस-तीस वर्षांनी.

हे उपद्रवी प्राणी भागागणिक वेगळे. पेन्सिल्व्हेनिया, न्यूयॉर्ककडे वुडचक, म्हणजे घुशीपेक्षा बराच दांडगा, तीन-चार किलोचा, बिळं करून राहणारा प्राणी. क्लोव्हरच्या शेतात याची बिळं झाली की गवत कापायचं यंत्र मातीच्या ढिगाऱ्यावर आदळायचं, घोड्याचा पाय आत जायचा, त्यामुळे शेतकरी बंदूकवाल्याला खुशाल आत सोडायचा. पश्चिमेला मोंटाना, वायोमिंग, डाकोटा भागात प्रेअरी डॉग, हा खरं तर खारीच्या कुळातला, किलोभर वजनाचा, पण शेकड्यांनी वस्ती करून राहणारा. शिवाय कोल्ह्यासारखा कायोटी सगळीकडेच.

अडचण अशी होती की साधी .२२ रिमफायर (पुंगळीच्या कडेवर ठोका बसून पेटणारं लहान काडतूस) शंभर यार्डांच्या आतच कामाची. शंभरावर नेम जुळवलेली गोळी दोनशेवर जवळजवळ वारभर खाली जाते, आणि अंतराचा अंदाज पंचवीस यार्डांनी चुकला तर संपलं. मोठी, लष्करी काडतुसाची .३०-०६ घ्यायची तर तिचा आवाज गावभर, आणि जड गोळी जमिनीवर आपटून शेजारच्या गोठ्याकडे उडायची भीती. म्हणजे हवी होती हलकी गोळी, प्रचंड वेगाने जाणारी, सरळ रेषेत लांब पोचणारी आणि लागली की तिथेच फुटून जाणारी. वेगाचं सगळं वेड इथून आलंय, ताकदीसाठी नाही.

१९२० च्या दशकात स्प्रिंगफील्ड आर्मरी या अमेरिकी लष्कराच्या बंदूक कारखान्याच्या आसपासच्या मंडळींनी, त्यात टाउनसेंड व्हेलन आणि कॅप्टन वॉटकिन्स ही नावं मुख्य, १८८५ सालचं जुनं .२२ विंचेस्टर सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर ठोका बसून पेटणारं) काडतूस उचललं. मूळचं काळ्या दारूचं, मवाळ. त्यात नवी धूरविरहित दारू आणि जॅकेटवाली, म्हणजे शिशावर धातूचं आवरण असलेली गोळी घातली आणि लष्कराच्या सरावाच्या .२२ रायफली त्यासाठी बदलून घेतल्या. हे झालं .२२ हॉर्नेट. १९३० मध्ये विंचेस्टर या बंदूक कंपनीने त्याची काडतुसं बाजारात आणली तेव्हा कुठल्याच कारखान्याची रायफल त्यासाठी तयार नव्हती, आधी काडतूस आणि मग बंदूक असा उलटा प्रकार. ४५ ग्रेनची, म्हणजे जेमतेम तीन ग्रॅमची गोळी, सेकंदाला साधारण २,७०० फूट. आवाज लहान, दीडशे-पावणेदोनशे यार्डांपर्यंत बिनधास्त. दाट वस्तीच्या शेतीभागात हॉर्नेट आजही टिकून आहे ते त्या लहान आवाजामुळे, आणि माझ्या मते वुडचकसाठी चालत फिरणाऱ्याला याहून जास्त काही लागतच नाही.

पण माणूस थांबतोय कुठे. वॉटकिन्सच्याच डोक्यात .२५०-३००० सॅव्हेज या काडतुसाची पुंगळी तोंडाशी आवळून त्यात .२२ ची गोळी बसवायची कल्पना होती. विंचेस्टरने कल्पना घेतली, पुंगळी मात्र दुसरीच, नौदलाच्या जुन्या ६ मिलिमीटर ली काडतुसाची वापरली, आणि १९३५ मध्ये .२२० स्विफ्ट आणलं. ४८ ग्रेनची गोळी, सेकंदाला ४,११० फूट. चार हजारांच्या वर जाणारं हे कारखान्यातलं पहिलं काडतूस. दोनशेवर नेम जुळवला तर तीनशेला गोळी अर्ध्या फुटाच्या आसपासच खाली. लोक अक्षरशः वेडे झाले आणि लगेच तक्रारीही सुरू, की नळीचा घसा, म्हणजे गोळी नळीत शिरते तो भाग, लवकर जळतो. त्यात तथ्य होतं, त्या काळचं पोलाद आणि तापलेल्या नळीतून दणादण बार काढायची सवय दोन्ही जबाबदार, पण स्विफ्टच्या माथी बदनामी कायमची बसली.

आणि विंचेस्टरने बाजूला ठेवलेली ती .२५० ची पुंगळी? ती हौशी लोकांनी सोडलीच नाही. १९३७ च्या सुमारास गेबी आणि जे. बुशनेल स्मिथ यांनी तिच्यात .२२ ची गोळी नीट बसवली, गेबीने ‘व्हार्मिंटर’ हे नाव स्वतःच्या नावावर करून घेतलं, म्हणून बाकीचे तिला नुसतं .२२-२५० म्हणायला लागले. पुढची जवळपास तीन दशकं ही रायफल हवी असेल तर गनस्मिथकडे, म्हणजे बंदुकीच्या कारागिराकडे जायचं, नळी बनवून घ्यायची, पुंगळ्या स्वतः आवळायच्या, दारू स्वतः तोलायची. १९६३ मध्ये ब्राउनिंगने त्या मापाची रायफल काढली तेव्हाही बाजारात तयार काडतूस नव्हतं! ते १९६५ मध्ये रेमिंग्टनने आणलं, आणि मग स्विफ्ट मागे पडली ती पडलीच.

गोळ्यांची गोष्ट तर आणखी भारी. दुसऱ्या महायुद्धात तांबं, शिसं सगळं लष्कराकडे, हौशी माणसाला गोळ्या मिळेनात. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये फ्रेड हंटिंग्टन नावाच्या माणसाने १९४३ मध्ये वडिलांच्या लॉन्ड्रीच्या मागे एक साचा बनवला. रेंजवर पडलेल्या .२२ रिमफायरच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, भाजून मऊ करायच्या, कड दाबून सपाट करायची, आत शिशाच्या तारेचा तुकडा टाकायचा आणि प्रेसमध्ये दाबून टोक काढायचं. झाली गोळी. बुडाला कधी कधी कंपनीच्या शिक्क्याची पुसट खूण दिसायची. पितळ पातळ, त्यामुळे लागताक्षणी फुटायची, म्हणजे जे हवं तेच. पश्चिमेकडच्या वुडचकच्या भावाला रॉकचक म्हणतात, त्याच्यावरून साच्याला नाव पडलं रॉक चक बुलेट स्वेज, आणि त्याचंच आद्याक्षरी आरसीबीएस. आज रीलोडिंगवाल्यांच्या, म्हणजे काडतुसं घरीच पुन्हा भरणाऱ्यांच्या टेबलावर सगळीकडे दिसणारा तो हिरवा प्रेस, तो याच कंपनीचा.

मग १९५० मध्ये .२२२ रेमिंग्टन. रेमिंग्टनचा इंजिनियर माइक वॉकर स्वतः बेंचरेस्टवाला, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून शंभर यार्डांवर पाच गोळ्या एका भोकात घालायचा खेळ खेळणारा. त्याने जुनी कुठलीच पुंगळी न घेता नवीच आखली. ५० ग्रेन, सुमारे ३,२०० फूट. हॉर्नेट आणि स्विफ्टच्या बरोबर मधली जागा, नळी जळत नाही, आणि अचूकता अशी की सत्तरच्या दशकात पीपीसी नावाची नवी काडतुसं येईपर्यंत बेंचरेस्टच्या स्पर्धांवर हिचंच राज्य. व्हार्मिंटच्या दुनियेत जुळवून आणलेलं सगळ्यात शहाणं काडतूस कुठलं म्हणाल तर मी हेच म्हणेन. गंमत बघा, हिचीच पुंगळी जरा लांबवून युजीन स्टोनरने आखलेल्या एआर-१५ रायफलीसाठी काडतूस बनलं आणि १९६४ मध्ये ते .२२३ म्हणून नागरी बाजारात आलं. पुढे लष्करामुळे पुंगळ्या ढिगाने मिळायला लागल्या, भाव उतरला, आणि बिचारी .२२२ स्वतःच्याच लेकीपुढे हरली.

नंतरची यादी पटकन उरकतो. १९७१ ला .१७ रेमिंग्टन, २५ ग्रेनची गोळी, चार हजारांवर वेग, पण नळी सारखी साफ करावी लागते. २००२ ला होर्नाडी या काडतूस कंपनीचं .१७ एचएमआर, रिमफायर असून २,५५० फूट, स्वस्तात मजा. २००४ ला .२०४ रुगर, हिच्यात बार झाल्यावरही स्कोपमधून निशाण दिसत राहतं इतका धक्का कमी.

रायफलींची ठेवणही त्या त्या भागावरून ठरली. पूर्वेकडे दिवसभर खांद्यावर वागवायची म्हणून हलकी नळी. पश्चिमेकडे प्रेअरी डॉगच्या वस्तीसमोर टेबल मांडून बसायचं आणि भरपूर बार काढायचे, म्हणून जाड, जड नळी, जी उशिरा तापते. नवखे लोक अजूनही दिसायला भारी म्हणून जाड नळीची घेतात आणि मग डोंगर चढताना शिव्या घालतात.

त्या वस्त्याही आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. विषप्रयोग, नांगरट आणि बाहेरून आलेला प्लेग यांनी प्रेअरी डॉग प्रचंड घटले, त्यांच्यावर जगणारं काळ्या पायांचं फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लहान शिकारी प्राणी) तर संपलंच असं धरलं होतं, ते १९८१ मध्ये वायोमिंगच्या मीटित्सीजवळ पुन्हा सापडलं. फेरेट सोडलेल्या काही भागांत आता शूटिंगच बंद आहे.

आपल्याकडे यातलं काही करता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि शस्त्रपरवान्याचं प्रकरण वेगळंच. आपली .२२ रिमफायर रेंजवरची, कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटरला ब्राँझ मिळवलं ते तिच्यावरच.

सध्या तिकडे अमेरिकेत वाद आहे तो नळीच्या पिळाचा, म्हणजे गोळीला गरगर फिरवून स्थिर ठेवणाऱ्या नळीतल्या वळणदार खाचांचा. स्विफ्ट, .२२-२५०, .२२२ या सगळ्यांना जुना पिळ १४ इंच नळीत एक वेढा, छोट्या गोळीला पुरेसा. पण १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, आणि तांब्याची गोळी त्याच वजनाला लांब होते, तिला स्थिर ठेवायला जास्त पिळ लागतो. वाऱ्यात कमी सरकणाऱ्या लांब, जड गोळ्यांचंही तेच. म्हणून होर्नाडीने २०२४ मध्ये आणलेलं .२२ एआरसी मुळातच जास्त पिळाच्या नळीसाठी आखलेलं आहे, आणि आता जुनी .२२-२५० विकत घेताना लोक आधी नळीचा पिळ विचारतात, दस्त्याचं लाकूड नंतर बघतात.