खोल समुद्रात गळाची मासेमारी: तारीख ठरवण्याआधी पाणी समजून घ्या

फोनवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, "अमुक तारखेला बोट रिकामी आहे का?" आम्हाला मात्र त्याआधी दोन गोष्टी विचारायच्या असतात. तुमच्या मनात कोणता मासा आहे? आणि तुमच्यासोबत येणाऱ्यांना लाटा कितपत सोसतील? बोट रिकामी असली तरी त्या दिवशी समुद्रात जाण्यात अर्थ असेलच असं नाही. लांबून येणारी, वर्षभर वाट पाहिलेली माणसं चुकीच्या आठवड्यात आलेली पाहिली की आम्हाला फार वाईट वाटतं. म्हणून हे माहितीपत्रक. बुकिंगच्या आधी पंधरा मिनिटं काढून वाचा.

समुद्राचे ऋतू उशिरा येतात

जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. समुद्राचं तसं नाही. वर्षातला सर्वांत मोठा दिवस उलटून गेला तरी पाणी तापतच असतं आणि वरच्या थराचं तापमान साधारण दोन-तीन महिन्यांनी शिगेला पोचतं. उन्हाळा सुरू होताच सुट्टी टाकून येणाऱ्यांना मासा "अजून आलेला नाही" असं ऐकावं लागतं, ते यामुळेच. त्याच माणसांनी उन्हाळा संपता संपता तारीख घेतली असती तर दिवस वेगळा गेला असता.

खोल पाण्यातल्या मोठ्या माशांना कायमचा ठिकाणा नसतो. मार्लिन, सेलफिश, माही-माही, यलोफिन टूना ही सगळी कोमट पाण्यातली मंडळी. पाणी सरकलं की तीही सरकतात. ब्लूफिन टूना याला अपवाद आहे. स्नायूंमध्ये तयार झालेली उष्णता बाहेर जाऊ न देणारं रक्तवाहिन्यांचं दाट जाळं त्याच्या अंगात असतं. त्यामुळे इतर टूना जिथे फिरकत नाहीत अशा थंड पाण्यात तो आरामात शिकार करतो. सगळे टूना एकाच मोसमात शोधून चालत नाही, ते याच कारणाने.

मासा काठावर असतो

इथे काठ म्हणजे किनारा नव्हे. एक पाणी संपून दुसरं सुरू होतं ती रेघ. हिरवट गढूळ पाणी अचानक निळंशार होतं, थोड्याच अंतरात तापमान एक-दोन अंशांनी बदलतं, तरंगत्या शेवाळाची लांबच लांब ओळ लागते, किंवा समुद्राचा तळ सुमारे 200 मीटर खोलीनंतर एकदम कोसळतो. अशा ठिकाणी सूक्ष्म जीव साठतात, त्यांच्यामागे बारीक मासळी येते आणि तिच्यामागे आपण ज्याच्यासाठी निघालेलो असतो तो. मैलोन् मैल सुंदर निळं पाणी ओसाड असू शकतं आणि एका रेघेवर सगळा बाजार भरलेला असतो.

गळावर पकडलेल्या ब्लॅक मार्लिनचा आजवरचा विक्रम पेरूमधल्या काबो ब्लांकोचा आहे. ऑगस्ट 1953 मध्ये आल्फ्रेड ग्लासेल यांनी 1,560 पौंडांचा, म्हणजे सुमारे 707 किलोंचा मासा तिथे पकडला. दक्षिणेकडून येणारा हंबोल्टचा थंड प्रवाह आणि विषुववृत्ताकडचं गरम पाणी त्याच भागात भेटतं. एवढा मोठा मासा नेमका तिथे मिळाला यात आम्हाला तरी नवल वाटत नाही.

निघण्याआधी आम्ही उपग्रहाचे तापमानाचे आणि पाण्याच्या रंगाचे नकाशे पाहतो. पण ढगांतून हे उपग्रह आरपार पाहू शकत नाहीत. चार दिवस आभाळ भरलेलं असेल तर हातातला नकाशा चार दिवस जुना असतो आणि तेवढ्यात प्रवाहाने रेघ कितीतरी दूर नेलेली असते. अशा दिवशी गळ टाकण्याआधी बराच वेळ नुसती शोधाशोध होते. कप्तान तापमापकाकडे, पक्ष्यांकडे, पाण्याच्या रंगाकडे बघत गप्प उभा असेल, तर समजा की काम चालू आहे.

कोणत्या पाण्यात काय

पाणी तापायला लागतं तो काळ लहरी असतो. आज मासा, उद्या काही नाही. माही-माही बहुधा आधी हजेरी लावतात. तरंगता ओंडका, शेवाळाचा पुंजका, काहीही असो, ते त्याच्या सावलीत जमतात आणि भुकेले असतात. हा मासा वर्षभराच्या आत अंडी घालायला तयार होतो आणि त्याचं आयुष्य जेमतेम चार-पाच वर्षांचं असतं. त्यामुळे तो झपाट्याने वाढतो आणि कायम खात असतो. पहिल्यांदा येणाऱ्यांना, मुलांना घेऊन येणाऱ्यांना आम्ही हाच काळ सुचवतो. मोठ्या माशाची हमी नाही, पण गळाची काठी वाकण्याची, म्हणजे मासा लागण्याची शक्यता बरी.

पाणी पुरतं तापलं की मार्लिनचे दिवस. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या बाहेरच्या कडेला, केर्न्सच्या उत्तरेकडे, सप्टेंबर ते डिसेंबर या काळात प्रचंड ब्लॅक मार्लिन अंडी घालायला येतात. 1966 मध्ये तिथे हजार पौंडांच्या वरचा मासा गळाला लागला आणि त्या किनाऱ्याचं नाव जगभर झालं. या माशांमध्ये अवाढव्य असते ती मादीच. ब्लू मार्लिनचा नर 160 किलोंच्या पुढे क्वचितच जातो. म्हणून फार मोठा मासा दिसला की आम्ही त्याला "ती" म्हणतो, आणि तिला सोडून देताना आमच्या मनात पुढच्या पिढीचा हिशेब असतो.

पण याच मोसमाची दुसरी बाजू आधीच सांगायला हवी. समुद्राचं पाणी साधारण 26.5 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की चक्रीवादळाला लागणारं इंधन तयार असतं. उत्तर अटलांटिकमध्ये वादळांचा अधिकृत मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर धरतात, आणि तिथले मासेमारीचे कितीतरी उत्तम आठवडे त्यातच येतात. मासा आणि वादळ दोघांना एकच पाणी आवडतं. या काळात येणार असाल तर प्रवासाचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा आणि हाताशी दोन दिवस जास्त ठेवा. एकाच दिवसाच्या भरवशावर लांबून येऊ नका, ही कळकळीची विनंती.

पाणी निवायला लागतं तो काळ आम्हाला सर्वांत जास्त आवडतो. बारीक मासळी एकवटते आणि मोठे मासे स्थलांतराआधी पोटभर खाऊन घेतात. मेक्सिकोच्या मॅग्डालेना उपसागराबाहेर ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत स्ट्राइप्ड मार्लिन बारीक माशांचे गोळे चहूबाजूंनी घेरतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर थंड वाऱ्याच्या लाटेबरोबर सेलफिश खाली सरकतात; तिथले लोक थंडीचा अंदाज बघून बोटी काढतात. मासे भरपूर, गर्दी कमी. मात्र समुद्र खडबडीत असतो आणि तो तुम्हाला झेपायला हवा.

थंड पाण्याच्या दिवसांत आमच्या फेऱ्या मोजक्या असतात. तळाजवळचे मासे मिळतात, काही समुद्रांत ब्लूफिन मिळतो. उरलेला वेळ बोट किनाऱ्यावर असते. त्याबद्दल पुढे.

लाटेची उंची एकटी काही सांगत नाही

बहुतेक जण अंदाजात लाटेची उंची बघतात आणि ठरवतात. त्यापेक्षा दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात ते बघा. दोन मीटरची लाट बारा सेकंदांनी येत असेल तर बोट पाळण्यासारखी वर जाते, खाली येते. दीड मीटरची लाट पाच सेकंदांनी येत असेल तर दिवसभर अंग ठेचून निघतं. आणि अंदाजात छापलेली उंची ही सर्वांत मोठी लाट नसते. सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्या दिवशी एखादी लाट तिच्या जवळपास दुप्पटही येऊ शकते.

आणखी एक गोष्ट वाऱ्याची. वारा आणि प्रवाह एकाच दिशेने असतील तर समुद्र बराच सपाट राहतो. वारा प्रवाहाच्या तोंडावर आला की त्याच वेगात लाटा उभ्या, जवळजवळ आणि तुटक होतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत उत्तरेकडे वाहणाऱ्या गल्फ स्ट्रीम या प्रवाहावर उत्तरेचा वारा सुटला की अनुभवी कप्तानही बंदरात थांबतात. किनाऱ्यावरून पाहिलं तर ऊन पडलेलं असतं, झाडाचं पानही फारसं हलत नसतं, आणि ग्राहकाला वाटतं आपली फसवणूक चालली आहे. तसं नसतं. तुम्ही बघता तो किनाऱ्याचा समुद्र आहे, आपल्याला जायचंय तो वेगळा.

आमच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एकदा आग्रहाला बळी पडलो. पाहुणे लांबून आले होते, तो त्यांचा शेवटचा दिवस होता, अंदाज काठावरचा होता. दुपारी वारा प्रवाहाविरुद्ध फिरला. परतीला दुप्पट वेळ लागला आणि एक वयस्कर गृहस्थ डेकवर पडून त्यांचं मनगट मोडलं. त्यांनी आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही, ते आम्हाला अजून जड जातं. तेव्हापासून नियम एकच आहे. जायचं की नाही हे कप्तान ठरवतो आणि त्यावर आमच्या ऑफिसचंही काही चालत नाही. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर तुम्ही दुसरी तारीख घ्या किंवा सगळे पैसे परत घ्या, निवड तुमची.

बोटीवरचा दिवस

गळ मागे सोडून बोट चालवत राहायचं, याला ट्रोलिंग म्हणतात. कृत्रिम आमिष असेल तर वेग साधारण सात ते नऊ नॉट, खरं मासळीचं आमिष असेल तर त्याहून कमी. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. तासन् तास काहीही होत नाही आणि मग काठीवरचं दोराचं रीळ किंचाळतं. त्या क्षणी काठी कुणी घ्यायची हे सकाळीच ठरवून ठेवा.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोर किती जोर लागल्यावर सुटू लागायचा तो ताण, आम्ही दोराच्या ताकदीच्या साधारण चौथा ते तिसरा हिस्सा ठेवतो. मासा पळत असताना चाक घट्ट करायचा मोह होतो. करू नका. दोर जसजसा बाहेर जातो तसतसा ताण आपोआप वाढतो, वर तुम्ही आवळलंत तर तो तुटतो. पळू द्या, तो थांबला की ओढा.

विक्रम नोंदवायचा विचार असेल तर आधी सांगा. 1939 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या नियमांनुसार मासा लागल्यावर काठी, रीळ किंवा दोराला दुसऱ्या कुणाचा हात लागला तर तो मासा विक्रमासाठी धरत नाहीत. आमचा खलाशी फक्त शेवटी लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोर, हातात घेतो. हौसेसाठी आलेल्यांनी याची चिंता करू नये. दमलात तर काठी दुसऱ्याच्या हातात द्या.

सोडून द्यायचे मासे, ठेवायचे मासे

मार्लिन आणि सेलफिश आमच्या बोटीवर मारले जात नाहीत. या माशांसाठी खरं आमिष लावतो तेव्हा गळ गोल वळणाचा, सर्कल हुकच असतो. तो घशात न रुतता बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो आणि मासा जगतो. अमेरिकेने अटलांटिकमधल्या बिलफिश (मार्लिन-सेलफिशसारखे लांब टोकदार चोचीचे मासे) स्पर्धांत खऱ्या आमिषासोबत असा गळ 2008 पासून सक्तीचा केला. फोटोसाठी मासा बोटीवर ओढून घेणार नाही. पाण्यातच बोटीला लगटून धरतो, बोट हळू पुढे नेतो, कल्ल्यांतून पाणी वाहू देतो आणि त्याने स्वतः शेपूट मारली की हात सोडतो. तो फोटोही सुंदर येतो, आम्ही काढून देऊ. शक्य असेल तेव्हा माशाला खुणेची पट्टीही लावतो. मोठे मासे किती दूर जातात हे मुळात अशाच पट्ट्यांमुळे कळू लागलं. अमेरिकेतल्या वुड्स होल या समुद्रसंशोधन संस्थेच्या फ्रँक मॅथर यांनी 1954 मध्ये हौशी मच्छीमारांना सोबत घेऊन ते काम सुरू केलं होतं.

माही-माही आणि टूना मोजके ठेवतो, कायद्याच्या मर्यादेत आणि तुम्हाला खरोखर हवे तेवढेच. इथे बर्फ फार महत्त्वाचा. हे मासे गरम राहिले तर मांसात हिस्टामिन तयार होतं आणि नंतर कितीही शिजवलं तरी ते जात नाही. खाणाऱ्याचं अंग लाल होतं, डोकं ठणकतं. झुंजीत टूनाचं अंग आधीच तापलेलं असतं. म्हणून तो वर येताच रक्त काढून लगेच बर्फ आणि समुद्राचं पाणी यांच्या काल्यात बुडवतो. त्या वेळी फोटोसाठी आम्हाला थांबवू नका, एवढं ऐका.

बोट बंद असते तेव्हा

थंडीतल्या महिन्यांत बोट पाण्याबाहेर काढतो. तळ घासून शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा रंग देतो, गंज आधी स्वतःवर घेणारे जस्ताचे ठोकळे बदलतो, इंजिनच्या पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र चांगलं दिसत असलं तरी नवं घालतो. नायलॉनचा दोर उन्हाने आतून कमजोर होतो आणि ते वरून दिसत नाही, त्यामुळे सगळे दोर नवे. अपघाताच्या वेळी आपोआप संदेश पाठवणाऱ्या 406 मेगाहर्ट्झच्या बीकनची बॅटरी आणि मुदत तपासतो. या काळात "एकच दिवस काढा ना बोट" असं म्हणू नका. तुमची पुढची सगळी फेरी याच दिवसांवर चालते.

निघण्याआधी

ज्यांना बोट लागते त्यांनी औषध आदल्या रात्रीच घ्यावं, मळमळ सुरू झाल्यावर त्याचा उपयोग होत नाही. कोणतं घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा, रक्तदाबाच्या किंवा डोळ्यांच्या तक्रारी असणाऱ्यांनी तर नक्कीच. रात्री नीट झोपा, रिकाम्या पोटी येऊ नका, बोटीवर केबिनमध्ये न बसता क्षितिजाकडे बघत बाहेर थांबा. पांढऱ्या तळाचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, पाण्यावरची चमक कापणारा (पोलराइज्ड) काळा चष्मा. त्या चष्म्याने पाण्याखालचा मासा खरोखर दिसतो.

आदल्या संध्याकाळी कप्तान स्वतः तुम्हाला फोन करेल. वारा, लाटांमधले सेकंद, पाण्याचं तापमान आणि आपण कोणत्या रेघेकडे निघतोय हे तो सांगेल. त्याला मनातलं सगळं विचारा, लहान मुलांबद्दल, आजारांबद्दल, भीतीबद्दलही. आणि त्याने "उद्या नको" म्हटलं तर त्याच फोनवर पुढची तारीख ठरवून घ्या.