पाणी नाकारणारी वाळू आणि शेतकऱ्यांचे गट

वाळू पाणी पिते, ही समजूत आपल्या मनात इतकी घट्ट बसलेली आहे की पाणी नाकारणारी वाळूही असते असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यात मात्र अशी वाळू शेतोशेती आढळते. त्या राज्यातील ३० लाखांहून अधिक हेक्टर शेतजमिनीला या दोषाचा मोठा धोका आहे. मे महिन्यात बरा पाऊस होऊन गेल्यावर तेथल्या एखाद्या रेताड शेतात उकिडवे बसून पायाजवळची वाळू उकरली, तर वरची बोटभर ओल संपताच खाली पिठासारखी कोरडी वाळू लागते आणि तिच्यात धूळपेरणीने टाकलेले गव्हाचे दाणे न फुगता जसेच्या तसे पडलेले दिसतात. तेथून वीतभर अंतरावर मात्र ओल पार खोलवर गेलेली असते, कारण पाण्याने शिरायला सापडेल ती एखादी वाट धरलेली असते.

हा दोष शास्त्रज्ञांना अनेक दशकांपासून ठाऊक आहे. तो कोणाच्या शेतात किती आहे आणि त्यावरचा कोणता उपाय कोठे लागू पडतो, हे शोधण्याच्या कामात मात्र तेथील धान्य उत्पादकांच्या स्थानिक गटांचा मोठा वाटा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातीलच दालवालिनू येथे १९९७ पासून काम करणारा लिबे ग्रुप, व्हिक्टोरिया राज्यातील बर्चिप क्रॉपिंग ग्रुप आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातील हार्ट फील्ड-साइट ग्रुप ही अशा गटांपैकी काही ठळक नावे. गटाची समिती शेतकऱ्यांची असते, पगारी माणसे मोजकीच असतात, आणि पुढच्या हंगामात कोणता प्रश्न तपासायचा यावरची चर्चा शेतकऱ्यांच्या बैठकीत होते. या गटांनी घेतलेल्या चाचण्यांचे अहवाल मी हौसेने वाचतो आणि दर वेळी या वाळूपाशी येऊन अडकतो, त्यामुळे वाचकांनाही तेथे थोडा वेळ थांबावे लागेल.

प्रश्नाची सुरुवात साध्या हिशेबाने होते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील फ्रेंच आणि शुल्ट्झ या संशोधकांनी १९८४ साली असे मांडले की हंगामात पडलेल्या पावसातून सुमारे ११० मिलिमीटर बाष्पीभवनापोटी वजा करावेत आणि उरलेल्या प्रत्येक मिलिमीटरमागे हेक्टरी २० किलो गहू ही कमाल मर्यादा धरावी. हंगामात २२० मिलिमीटर पाऊस झाला, तर ही मर्यादा हेक्टरी २.२ टन येते. बर्चिपच्या गटाने सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेबरोबर ‘यील्ड प्रॉफेट’ हे संगणकीय साधन उभे केले, ते याच विचाराचे पुढचे रूप म्हणता येईल. त्यात मातीतील ओल, पाऊस, तापमान आणि नत्र यांचा हिशेब दिवसागणिक मांडला जातो. या मर्यादेच्या शेजारी आपले प्रत्यक्ष उत्पन्न ठेवले आणि ते निम्मेच निघाले, तर पावसाला दोष देता येत नाही. पाणी आकाशातून आले होते, पण ते मुळांपर्यंत पोहोचले नाही.

ते का पोहोचले नाही, याचे उत्तर मेणात आहे. वनस्पतींची पाने आणि मुळे कुजताना त्यांतील मेणासारखे पदार्थ सुटे होतात आणि वाळूच्या कणांवर त्यांचा अतिशय पातळ लेप बसतो. असा लेप सर्वच मातीत थोडाबहुत तयार होतो, तरी त्रास प्रामुख्याने वाळूलाच का होतो? अर्धा मिलिमीटर व्यासाचे गोल कण धरले, तर एक ग्रॅम वाळूच्या सर्व कणांचे मिळून पृष्ठफळ सुमारे ४५ चौरस सेंटीमीटर भरते, म्हणजे एटीएम कार्डाच्या एका बाजूएवढे. एक ग्रॅम केओलिन जातीच्या चिकणमातीचे पृष्ठफळ १० चौरस मीटर किंवा त्याहूनही अधिक असते, म्हणजे एका खोलीच्या जमिनीएवढे. दोन नॅनोमीटर जाडीचा, जवळजवळ एकाच रेणूच्या जाडीचा थर पुरेसा मानला, तर एक टन वाळू झाकायला जेमतेम १० ग्रॅम मेण लागेल आणि एका हेक्टरमधील वरचा १० सेंटीमीटरचा थर १५ किलोंत झाकून होईल. हा हिशेब आदर्श गोल कणांचा आहे आणि प्रत्यक्षात मेण याहून अधिक खर्ची पडते, पण वाळू इतक्या स्वस्तात का ‘मेणावते’ हे त्यावरून समजते. चिकणमातीत मात्र तेवढे मेण कोठे हरवते ते कळतही नाही.

आता हा लेप करतो काय, ते पाहू. स्वच्छ वाळूवर पाण्याचा थेंब पसरतो आणि कणांमधील फटी केशाकर्षणाने ते पाणी आत ओढून घेतात. मेणाळलेल्या कणावर तोच थेंब मोत्यासारखा उभा राहतो. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते, तो स्पर्शकोन. तो ९० अंशांच्या पुढे गेला की केशाकर्षणाची दिशाच उलटते आणि फटी पाण्याला बाहेर ढकलू लागतात. हा दाब पृष्ठताणाच्या, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणून धरणाऱ्या बलाच्या, दुपटीला स्पर्शकोनाच्या कोसाइनने गुणून फटीच्या त्रिज्येने भागले की मिळतो. त्रिज्या ०.१ मिलिमीटर आणि कोन ११० अंश धरला, तर उत्तर सुमारे ४९० पास्कल येते. या आकड्यांपाशी कोणी कंटाळला असेल, तर त्याने एवढेच लक्षात ठेवावे की पाणी आत रेटण्यासाठी वर सुमारे ५ सेंटीमीटर पाणी साचून राहावे लागेल. सपाट किंवा उताराच्या शेतात तेवढे पाणी साचण्याआधीच वाहून जाते. सरीत मात्र ते गोळा होते, आणि म्हणूनच सरीच्या तळाशी पेरणी करणे हा या दोषावरचा सर्वांत स्वस्त उपाय ठरला आहे. फार काळ भिजत राहिल्यास लेपातील रेणूंची पाणी आवडणारी टोके बाहेरच्या बाजूला वळतात आणि वाळू अखेर ओली होते, पण पुढच्या उन्हाळ्यात सुकली की ती पुन्हा पूर्वपदावर येते.

दोषाची तीव्रता मोजण्यासाठी ड्रॉपर, सुकवलेली वाळू आणि इथेनॉल पुरते. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन, तर शुद्ध इथेनॉलचा २२. त्यामुळे पाण्यात इथेनॉलचे प्रमाण वाढवत नेले की कोणते तरी एक मिश्रण १० सेकंदांत वाळूत शिरते, आणि ते मिश्रण जितके तीव्र तितकी वाळू हट्टी.

उपाय अनेक आहेत. पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये ओळीत सोडता येतात, मेणाळलेला थर खोल नांगरटीने पालथा घालून ३० सेंटीमीटर खाली गाडता येतो, किंवा हेक्टरी १०० टनांहून अधिक चिकणमाती पसरून ती वाळूत मिसळता येते. हा शेवटचा मार्ग दक्षिण ऑस्ट्रेलियात १९६० च्या दशकाच्या अखेरीस एका शेतकऱ्याने वापरून दाखवला, हे मला विशेष आवडते. चिकणमातीचा परिणाम वर्षानुवर्षे टिकतो, पण खर्च जबर असतो. पालथी जमीन वाऱ्याने उडते, आणि खालचा थर आम्लधर्मी असला तर उपाय अपायच करतो. कोणत्या शेतात काय करावे याचा निकाल म्हणूनच त्याच मातीत लागावा लागतो.

येथे गटाचे खरे काम सुरू होते. एकट्या शेतकऱ्याने अर्धे शेत नांगरून दुसऱ्या अर्ध्याशी तुलना केली, तर हाती आलेला फरक नांगरटीचा की मुळातच निराळ्या जमिनीचा, हे त्याला सांगता येत नाही. गटाच्या चाचणीत हार्वेस्टरच्या रुंदीचे लांब पट्टे आखतात, प्रत्येक उपाय तीन-चार पट्ट्यांवर करतात आणि कोणत्या पट्ट्याला कोणता उपाय हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दैवावर सोडतात. पट्टे चौपट केले की सरासरीतील अनिश्चितता निम्मी होते. पण एका शेतात पट्टे किती वाढवणार, यालाही मर्यादा असतेच. गटाजवळ अनेक सभासदांची शेते असल्यामुळे तीच चाचणी निरनिराळ्या मातीत एकाच वर्षी लावता येते.

या कामासाठी लागणारा बराचसा पैसा शेतकऱ्यांच्याच खिशातून येतो. धान्य विकताना किमतीच्या सुमारे १ टक्का रक्कम संशोधनासाठी कापली जाते, सरकार ठरावीक मर्यादेपर्यंत त्यात भर घालते, आणि ग्रेन्स रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन हे महामंडळ १९९० पासून तो निधी संशोधन संस्थांकडे आणि अशा गटांच्या प्रकल्पांकडे वळवते.

गटांच्या अहवालांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते ‘फरक आढळला नाही’ हे वाक्य. मातीला ‘जागे करणाऱ्या’ द्रवाची बाटली विकणारा आपल्या पत्रकात एका हिरव्यागार शेताचे छायाचित्र छापतो, शेजारच्या न फवारलेल्या शेताचे छापत नाही. चंद्राच्या कला पाहून पेरा करावा असे सांगणाराही फसलेली वर्षे मोजत नाही. गटाला विकायचे काही नसते, म्हणून तो न लाभलेल्या उपायाचे आकडेही लाभलेल्या उपायाच्या रकान्याशेजारी छापू शकतो.

चाचणीत एक पट्टा नेहमी काहीही न करता सोडलेला असतो. चिकणमाती मिसळलेले शेजारचे पट्टे दाट उगवलेले असतात आणि या पट्ट्यात उगवण विरळ, मधले दात पडलेल्या तोंडासारखी दिसते. ज्याच्या शेतात चाचणी असते त्याला ते दररोज येता-जाता पाहावे लागते. उपायाचा परिणाम किती वर्षे टिकतो हे मोजायचे असेल, तर पुढच्या हंगामातही त्याला हा पट्टा तसाच ठेवावा लागतो, आणि पेरणीच्या आधी गटाचा माणूस येऊन पट्ट्याच्या चारही कोपऱ्यांवरचे खुंट जागेवर आहेत ना, हे पाहून जातो.