एका डोंगराला दोन तिकिटं

कान्हेरी लेणी पाहायची तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर एक तिकीट काढावं लागतं आणि आत काही किलोमीटर गेल्यावर लेण्यांपाशी दुसरं. पहिलं वनखात्याचं, दुसरं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं. येणारे-जाणारे कुरकुरतात, पण हा दुहेरी कारभार इंग्रजी अमलापासूनचा आहे.

१८६१मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्याकडे पुरातत्त्व सर्वेक्षणाचं काम आलं. तीनच वर्षांनी डिट्रिख ब्रँडिस पहिले वन महानिरीक्षक झाले. एकाला स्तूप आणि शिलालेख शोधायचे होते, तर दुसऱ्याच्या खात्यावर रेल्वेला लागणारं लाकूड पुरतं राहील हे पाहण्याची जबाबदारी होती. दोघांचा एकमेकांशी संबंध येण्याचं कारणच नव्हतं. वास्तूंसाठी कर्झनच्या काळात, १९०४मध्ये कायदा झाला. पहिलं राष्ट्रीय उद्यान व्हायला मात्र १९३६ साल उजाडलं. ते हेली, म्हणजे आजचं कॉर्बेट.

अनेक अभयारण्यं मुळात शिकारीची राखीव रानं होती. भरतपूरच्या राजांनी पाणथळ राखलं ते बदकं मारायला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो पाहुणे असताना एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. केवलादेव मंदिराजवळच्या शिळांवर अशा शिकारींचे हिशेब कोरलेले आहेत आणि पक्षी बघायला आलेले लोक ते वाचत उभे राहतात. याच पाणथळावरच्या केवलादेव उद्यानात १९८२मध्ये चराईबंदीवरून गोळीबार होऊन गावकरी मारले गेले. राजाच्या शिकारीला जागा होती, गावच्या म्हशींना उरली नाही. १९८५मध्ये हे उद्यान जागतिक वारसा ठरलं.

स्वातंत्र्यानंतरही दोन्ही घरं वेगळीच राहिली. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं केंद्राकडे, तर जंगलं १९७६पर्यंत निव्वळ राज्यांचा विषय. स्मारकांसाठी १९५८चा कायदा आहे, वन्यजीवांसाठी १९७२चा. अभयारण्यात काही अटींवर गुरं चरू शकतात, राष्ट्रीय उद्यानात नाही. पाटीवरच्या एका शब्दाच्या फरकाने वाडीचं पोट हलतं, हे शहरातल्या पर्यटकाच्या गावीही नसतं. आज शंभराहून अधिक राष्ट्रीय उद्यानं, साडेपाचशेवर अभयारण्यं आणि ३,६००हून अधिक केंद्रीय संरक्षित स्मारकं आहेत. निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर जागतिक यादीत गेलेलं भारतातलं पहिलं ठिकाण म्हणजे सिक्कीमचं कांचनजंगा. तेही २०१६मध्ये.

आपल्याकडे ही गुंतागुंत गडांवर दिसते. वासोटा किल्ला असला तरी कोयना अभयारण्यात येतो, त्यामुळे बामणोलीला वनखात्याची परवानगी घेऊन, शिवसागर जलाशय होडीने ओलांडून मगच चढाई. २०२५च्या जुलैमध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले रायगड, शिवनेरी, जिंजीसह आठ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे. राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी मात्र महाराष्ट्राच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत.