करसवलत दिली की कंपन्या येतात, हा गैरसमज

उपनगरात स्वस्त जमीन आणि करसवलत दिली की तंत्रज्ञान कंपन्या आपोआप येतात, हा समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे; तो चुकीचा आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९५९ मध्ये रिसर्च ट्रँगल पार्क ही संशोधन संस्था व कंपन्यांसाठीची वसाहत सुरू झाली, तेव्हा पाइनच्या झाडांनी भरलेली मुबलक जमीन हाताशी होती. तरीही कृत्रिम धागे बनवणाऱ्या केमस्ट्रँड कंपनीसारखे अपवाद सोडले, तर पहिली काही वर्षे मोठे उद्योग तिकडे फारसे फिरकले नाहीत. १९६५ मध्ये आयबीएम आणि केंद्र सरकारची पर्यावरण-आरोग्य संशोधन संस्था यांचा तिथे येण्याचा निर्णय झाला, तेव्हा चित्र पालटले. जवळचे ड्यूक विद्यापीठ आणि चॅपल हिल व रॅली येथील दोन विद्यापीठे यांतून तयार होणारे संशोधक व अभियंते हेच या पार्कचे मूळ भांडवल होते, आणि ते कोणत्याही सवलतीने एका वर्षात उभे करता येत नाही.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पार्कात राहण्याची सोयच नसल्याने संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की वाहनतळ रिकामे होत आणि रस्ते ओस पडत. म्हणूनच २०१२ च्या नव्या आराखड्यात घरे, दुकाने आणि पायी फिरण्याजोगा मध्यवर्ती भाग यांना जागा देण्यात आली.