भीड की भरवसा?

मी सांगतो आणि समोरचे चौघं ऐकतात. कोणी अडवत नाही, वाद घालत नाही. एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायच्या खेळात असं टेबल पाहिलं की गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला वाटतं, खेळाडूंचा आपल्यावर भरवसा बसला. मलाही दीड वर्ष तसंच वाटत होतं, आणि ती भीड निघाली. बाहेरून दोन्ही सारख्याच शांत दिसतात, म्हणून घोळ होतो.

हा खेळ ज्यांच्या पाहण्यात नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. एक जण गेम मास्टर होतो; जग, राक्षस, गावकरी सगळं तो उभं करतो. बाकीचे एकेक कॅरेक्टर चालवतात, आणि पुढे काय होईल हे पक्कं नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. २०२३ च्या जानेवारीत त्याच्या मूलभूत नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या परवान्याखाली कोणालाही वापरायला खुला झाला. ते नियम मी मराठीत वहीत उतरवले आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात, वेचणी सरली की रात्री ओसरीवर आमची बैठक बसू लागली.

आमच्या बैठकीत मी एकाचा चुलतभाऊ, दोघांचा नुसता दादा, आणि एकाला मी दहावीचं गणित शिकवलेलं. 'दरवाजा उघडत नाही' असं मी म्हटलं की 'हाव दादा' हे उत्तर ठरलेलं. त्या 'हाव'मध्ये माझं वय होतं, नातं होतं. माझा निवाडा पटला की नाही, हे त्यातून कळायला मार्गच नव्हता.

भरवसा ओळखायची माझी खूण आता एकच आहे: 'काहून?' समजा मी म्हटलं, भिंत चढायला किमान पंधराचा आकडा लागेल. भिडेतला खेळाडू मुकाट फासा टाकतो. भरवशातला विचारतो, "पंधरा काहून? मांगच्या भिंतीले त दहाच होते." मी सांगतो, ती कोरडी होती, ही पावसानं निसरडी झाली. त्याला पटतं, किंवा पटत नाही आणि मी आकडा खाली आणतो. हा प्रश्न क्षुल्लक नाही. कॅरेक्टरला चढायच्या कौशल्याचे पाच फाशावरच्या आकड्यात वाढवून मिळत असतील, तर पंधरासाठी फाशावर दहा किंवा वर पडावं लागतं, म्हणजे वीसातल्या अकरा बाजू, ५५ टक्के. दहासाठी पाच किंवा वर पुरतात, सोळा बाजू, ८० टक्के. एका शब्दात मी त्याच्या पदरातले पंचवीस टक्के काढून घेऊ शकतो. ते का काढले, हे विचारायची मोकळीक त्याला वाटलीच पाहिजे. उत्तर मिळाल्यावर डाव न अडवता तो पुढे खेळतो, तो भरवसा.

भीड गेम मास्टरलाही असते. सगळ्यांत लहान पोराचं कॅरेक्टर मरायला टेकलं होतं. मी वहीच्या आडून राक्षसाचा फासा टाकला, वीस पडले, म्हणजे वार बसलाच होता, आणि तोंडानं म्हटलं, "तीन. वार हुकला." पोरगं आनंदानं उड्या मारायला लागलं. त्याचं मन राखलं याचं मला समाधान होतं. तीन दिवसांनी वावरातून परत येताना तोच म्हणाला, "दादा, त्या दिवशी वीस पडले होते न?" मी हो म्हटलं. थोडं चालून तो म्हणाला, "मंग मी लढलो कायले?"

त्या दिवसापासून फासे सगळ्यांच्या मधोमध पितळी परातीत पडतात. फासा खणखणतो, सगळे वाकून पाहतात, जे पडलं ते पडलं. लपवून फासे टाकणारेही चांगले गेम मास्टर असतात, आणि पहिल्याच बैठकीत सगळ्यांनी तसं ठरवलं असेल तर माझी काही हरकत नाही. न सांगता केलेली मेहेरबानी मात्र मी सोडून दिली.

याहून जड गोष्ट दुसरी. एका गुहेत मी हिरवा धूर सोडला. श्वास कोंडतोय, डोळ्यांची आग होतेय, असं रंगवून रंगवून सांगत होतो. एक जण गप्प होत गेला आणि मला वाटलं, रंगलाय. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी, मजूर दगावले, तेव्हा त्याचे वडील आठ दिवस दवाखान्यात होते. हे मला माहीत होतं. त्या वेळी आठवलं नाही, आणि तो भिडेपायी बोलला नाही.

यावर जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी अशा खेळांसाठी सुचवलेलं एक्स-कार्ड आहे: मधोमध एक कार्ड ठेवायचं, नको तो प्रसंग आला की त्याला हात लावायचा, कारण कोणी विचारायचं नाही. आम्ही कार्डाऐवजी कॅरमची लाल राणी ठेवली. चार बैठका ती तशीच पडून राहिली. चारचौघांत हात पुढे करायचा म्हणजे पुन्हा भीडच. मग पाचव्या बैठकीत मीच, माझ्याच प्रसंगात, सापाचं वर्णन करता करता थांबलो आणि राणीला हात लावला. साप गेला, तिथे कुलूप आलं, खेळ पुढे सरकला. दादालाही काहीतरी नको असतं, हे पोरांनी तेव्हा पाहिलं.

गेल्या पंधरवड्यात पुराच्या प्रसंगात मी एक बैल वाहत जाताना सांगत होतो. तोच गप्प राहणारा पोरगा पुढे वाकला आणि बोटानं राणी दाबून धरली. कोणी काही बोललं नाही. मी बैल काठाला लावला आणि परात पुढच्याकडे सरकवली.